विशेष शिक्षक का सोडून जातात आणि काही जण का राहतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी १५ वर्षं विशेष शिक्षिका आहे. पहिली ५ वर्षं बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत काढली, मग तालुक्याला समावेशित शिक्षणात आले, म्हणजे स्कूटी घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळा फिरायच्या. नवीन पोरी मेसेज करतात, मुख्याध्यापक फोन करतात, पालक आठवडी बाजारात गाठतात, आणि प्रश्न बघाल तर तेच तेच. ट्रेनिंगच्या चहाच्या सुट्टीत हे सगळं इतक्यांदा बोलून झालंय की आता एकदाचं लिहून टाकते. उत्तरं माझी आहेत, सगळ्यांना पटतील असं नाही.

प्रश्न : विशेष शिक्षक म्हणजे मूकबधिर शाळेतले ना?

तेही. पण दोन वेगळी जगं आहेत. एक विशेष शाळांचं, कर्णबधिर, अंध, बौद्धिक अक्षम अशा मुलांच्या स्वतंत्र शाळा, त्या आता दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात (हा विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला, त्याआधी सगळं सामाजिक न्यायाकडे होतं). दुसरं जग समग्र शिक्षाचं, म्हणजे शालेय शिक्षणाची सरकारी योजना, तिथे मूल गावातल्याच शाळेत बसतं आणि आम्ही त्याच्याकडे जातो. शिक्षण एकच, डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण, पण नोकरीचे नियम वेगळे, साहेब वेगळे, पगाराचा दिवस वेगळा. त्यामुळे कोणी "विशेष शिक्षक समाधानी आहेत का" असं सरसकट विचारलं की मी आधी विचारते, कुठले?

प्रश्न : एवढं शिकून लोक सोडून का जातात? मुलं फार त्रास देतात म्हणून?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर सगळ्यात सोपं आहे. मला चावे बसलेत, केस ओढलेत, अंगावर उलटी झालीय, पण त्या दिवशी घरी जाऊन कोणी राजीनामा लिहीत नाही हो. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी सोडलं त्यातली एकही मुलांना कंटाळून गेली नाही. त्यांना मोठ्यांनी कंटाळवलं. नेमणुकीची ऑर्डर कधी संपेल माहीत नाही, पगार कधी येईल माहीत नाही, शाळेत बसायला खुर्ची नाही, आणि दिवसभर केलेलं काम लिहायला कुठल्याच फॉर्मवर रकाना नाही.

अमेरिकेत बॉनी बिलिंग्स्ली यांनी याच विषयावर कित्येक वर्षं काम केलंय, त्यांच्या २००४ च्या आढाव्यातली कारणं वाचली तर वाटतं आपल्याच पंचायत समितीत बसून लिहिलीयत की काय : पगार, वरिष्ठांचा आधार नसणं, कागदकाम, आपलं नेमकं काम काय हेच स्पष्ट नसणं, नवीन माणसाला पहिल्या वर्षी कोणी हात न देणं.

प्रश्न : पगाराचं काय? खरं सांगा.

अनुदानित विशेष शाळेत वेतनश्रेणी आहे, तिथे ज्यांना कायम जागा मिळाली ते सहसा रिटायर होईपर्यंत तिथेच असतात. विनाअनुदानितमध्ये सगळं संस्थेच्या मर्जीवर. आणि कंत्राटीवर मी जेव्हा लागले तेव्हा ज्या शाळेत मी जायचे तिथल्या कायम शिक्षकाच्या निम्म्याहून कमी मानधन मला होतं. लक्षात घ्या, 'मानधन'. पगार नाही. बँकेत गृहकर्जाला गेले तर तिथल्या साहेबांनी ऑर्डर वाचली, मुदत बघितली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, मॅडम मिस्टर काय करतात?

पगार वाढला की लोक टिकतील का? थोडे टिकतील. पण मला वाटतं रकमेपेक्षा अनिश्चितपणा जास्त खातो. कमी पैशात घर चालवायची आपल्याला सवय असते, पुढच्या जूनमध्ये आपण असणार की नाही हे माहीत नसताना मुलाचं तीन वर्षांचं नियोजन कसं करायचं याची सवय होत नाही.

प्रश्न : आता तर सगळे कायम झाले ना? पेपरात आलं होतं.

पेपरात आलेलं आणि हातात आलेलं यात अंतर असतं हे कंत्राटीत राहिलेल्याला सांगायला लागत नाही. पण गोष्ट मोठी आहे हे खरं. रजनीश कुमार पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाने २८ ऑक्टोबर २०२१ ला सांगितलं की प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे १ विशेष शिक्षक आणि त्यापुढे १५ मुलांमागे १. मग मार्च २०२५ मध्ये परत राज्यांना बजावलं की पदं मंजूर करा, जाहिरात काढा, आणि जे वर्षानुवर्षं कंत्राटीवर राबतायत त्यांची पात्रता तपासून त्यांना घ्या. आपल्या राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्येच ४८६० पदांचा निर्णय काढला होता, प्रत्येक केंद्राला (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला) एक.

आता हिशोब करा. एका केंद्रात १०-१५ शाळा असतात. माझ्या केंद्रात १४ आहेत, त्यातल्या दोन डोंगरापलीकडे, पावसाळ्यात ओढा आडवा येतो. १० मुलांमागे एक हे कागदावर, आणि केंद्रामागे एक हे रस्त्यावर. कायम झाल्याचा आनंद आहेच, घरी पेढे वाटले, आझाद मैदानात उन्हात बसलेले दिवस आठवले, पण शाळा १४ च्या १४ राहिल्या.

प्रश्न : दिवसभर करता काय नक्की? फिरतच तर असता.

हे मला एका केंद्रसंमेलनात भर सभेत विचारलं होतं, म्हणून सविस्तर सांगते.

मागचा मंगळवार. साडेनऊला पहिली शाळा, चौथीतला एक मुलगा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा राहत नाही), पेन्सिल धरता येत नाही, म्हणून पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड करून दिली आणि बेंचला वही चिकटपट्टीने चिकटवली. साडेअकराला दुसरी शाळा, तिथे एक मुलगी जिला ऐकायला कमी येतं, तिचं यंत्र आईने कपाटात ठेवलंय "हरवंल म्हणून". आईला शेतावर जाऊन भेटले. दुपारी तिसऱ्या शाळेत शिरते तर वर्गात गोंधळ, एका पोराला फिट आलेली आणि कोणीतरी कांदा घेऊन पळतंय. (कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर अजिबात नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, घड्याळ बघा, ५ मिनिटांच्या पुढे गेली तर सरळ दवाखाना. हे मी दर वर्षी प्रत्येक शाळेत सांगते आणि दर वर्षी कांदा येतोच.) साडेचारला घरी झोपून असलेल्या मुलीकडे, गृहमार्गदर्शन, तिची आजी आणि मी मिळून तिला आधार देऊन बसवतो, ती अंगणातल्या कोंबड्या बघते आणि हसते, त्यात डोळ्यांनी वस्तूचा पाठलाग हे उद्दिष्ट येतं. सहाला घरी. आठला लॅपटॉप, कारण यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती आजच पाहिजे.

यातलं कुठलं काम कुणाला दिसलं? ट्यूबची पट्टी दिसली असेल कदाचित.

प्रश्न : कागदकाम खरंच एवढं असतं?

हो. प्रत्येक मुलाचा आयईपी (त्या एका मुलापुरता शिकवण्याचा आराखडा), भेटीची नोंदवही, गृहभेटीचे फोटो लोकेशनसकट, यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) पाठपुरावा, मुलांच्या साधनांसाठीच्या मोजमाप शिबिराच्या याद्या, भत्त्यांची बिलं. मुलींचा प्रोत्साहन भत्ता महिन्याला २०० रुपये, त्यासाठी बँक खातं, आधार लिंक, आयएफएससी बदललेला, बाप म्हणतो मॅडम त्या २०० साठी माझी एक दिवसाची मजुरी बुडते. बरोबरच आहे त्याचं.

मला आयईपी लिहायचा कंटाळा नाही, उलट नीट लिहिला तर तो मलाच उपयोगी पडतो. कंटाळा त्याचा येतो की तीच माहिती चार ठिकाणी चार फॉरमॅटमध्ये भरायची आणि पाचव्याने फोन करून तोंडी विचारायची.

प्रश्न : मी एकाच प्रवर्गात, म्हणजे एकाच प्रकारच्या अक्षमतेत, बी.एड. केलंय, पण मुलं सगळ्या प्रकारची येतात. माझंच शिक्षण कमी पडतंय का?

नाही गं, हे सगळ्यांचंच आहे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, थॅलेसेमिया, सिकल सेल आले. चांगलंच झालं, ती मुलं आधीही वर्गात होतीच, फक्त "ढ" म्हणून शेवटच्या बाकावर होती. पण आपण शिकतो एका प्रवर्गाचं आणि केंद्रात सगळे भेटतात.

माझं बौद्धिक अक्षमतेत झालंय. २०१६ ला माझ्याकडे पूर्ण अंध मुलगी आली, दुसरीतली. मला ब्रेलचं एक अक्षर येत नव्हतं. अंध प्रवर्गाची एक मैत्रीण आहे शेजारच्या तालुक्यात, तिने मला फोनवर रात्री दहा ते अकरा शिकवलं, सहा ठिपके, पाटी-स्टायलसने उजवीकडून डावीकडे टोचायचं कारण कागद उलटला की डावीकडून वाचता येतं. महिनाभर माझं डोकं आरशात असल्यासारखं चालत होतं. मुलगी माझ्यापेक्षा लवकर शिकली आणि माझ्या चुका काढायला लागली. हे आता मजेत सांगते, तेव्हा रोज वाटायचं आपण या पोरीला फसवतोय. नवीन लोक जातात ते बऱ्याचदा या वाटण्यामुळे जातात, आणि ते कोणाला सांगत नाहीत.

उपाय एकच माहीत आहे, वेगवेगळ्या प्रवर्गाच्या चार जणींनी एकमेकींचे नंबर ठेवायचे आणि लाज सोडायची.

प्रश्न : सीआरआर नंबर (विशेष शिक्षकाचा नोंदणी क्रमांक), रिन्युअल, सीआरई पॉइंट (सेमिनार केल्याचे गुण), याचा खर्च आपणच का करायचा?

मलाही कळलेलं नाही. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे, त्याखाली नोंदणीशिवाय काम करता येत नाही, शिक्षेची तरतूद सुद्धा आहे, आणि रिन्युअलला पॉइंट लागतात. सेमिनार चांगला असेल तर मी आनंदाने फी भरते. पण पॉइंटसाठी बसून झोपा काढण्यात कोणाचं पुनर्वसन होतं देव जाणे. तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा, शेवटच्या महिन्यात साईट चालत नाही.

प्रश्न : समाधान मिळतं म्हणतात, ते खरंच असतं की बोलायचं म्हणून?

असतं. पण ते कसं येतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं मूल एकदम बोलायला लागतं आणि आपण रडतो. तसं नसतं.

एक मुलगा होता, त्याला इथे बंड्या म्हणू. डाऊन सिंड्रोम, नऊ वर्षांचा, शाळेत शर्टाची बटणं उघडीच. जूनमध्ये ठरवलं बटणं. आधी माझ्या सासूबाईंच्या जुन्या स्वेटरची ही एवढी मोठी बटणं एका जाड कापडावर लावली. हे उलटीकडून शिकवतात, म्हणजे सगळं आपण करायचं आणि शेवटचं ओढणं तेवढं मुलाने, म्हणजे प्रत्येक वेळी शेवट त्याच्या हातून होतो आणि त्याला वाटतं मी लावलं. गणपतीपर्यंत ओढणं जमलं. दिवाळीपर्यंत अर्धं बटण भोकातून ढकलणं. मग सुट्टीत सगळं विसरून आला, परत पहिल्यापासून. जानेवारीत छोटी बटणं. मार्चमध्ये एका सकाळी आला तो सगळी बटणं लावून, एक घर चुकवून, म्हणजे शर्टाचं एक टोक वर एक खाली. आई मागून आली, म्हणाली "मॅडम, आज म्या हात नाय लावला." तेवढ्यात गुरुजी बाहेर आले आणि म्हणाले, "अरे गुंडी चुकलीय की तुझी!" आणि नीट करायला वाकले. मी इतक्या जोरात "नका!" म्हणाले की ते दचकले.

त्याच महिन्यात प्रगतीचा तक्ता भरायचा होता. रकाने होते वाचन, लेखन, संख्याज्ञान. बंड्याच्या नावापुढे तिन्हीकडे शून्य गेलं. नऊ महिन्यांचं काम, माझं आणि त्या पोराचं, आणि कागदावर आम्ही दोघंही शून्य.

समाधान होतं ते बटणात. बाकी त्या तक्त्यात नव्हतं.

प्रश्न : "तुमचं काम म्हणजे पुण्याचं काम" असं सगळे म्हणतात, तरी मला राग का येतो?

कारण पुण्याला टीए-डीए लागत नाही.

प्रश्न : मला सतत दमल्यासारखं वाटतं. हे बर्नआऊट आहे का?

मी डॉक्टर नाही. पण ट्रेनिंगमध्ये मास्लाक आणि जॅक्सन यांची १९८१ ची प्रश्नावली भरून घेतली होती, त्यात तीन गोष्टी बघतात : मन पूर्ण रिकामं होणं, माणसांपासून तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. नुसतं दमणं रविवारी झोपून भरून निघतं. दुसरी गोष्ट मात्र सांभाळा. माझ्या बाबतीत ते असं झालं की मी मुलांना नावाने हाक मारायचं सोडून "ती एमआर केस" (बौद्धिक अक्षम), "तो सीपी" (सेरेब्रल पाल्सी) असं बोलायला लागले, आणि माझ्या लक्षातही आलं नाही, घरी जेवताना मुलाने विचारलं, आई केस म्हणजे काय. त्यानंतर मी तीन आठवडे रजा घेतली, बिनपगारी.

झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लाजू नका.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. आमच्याकडे विशेष शिक्षक दरवर्षी बदलतो, मी काय करू शकतो? पगार माझ्या हातात नाही.

सर, तुम्ही विचारलंत हेच निम्मं झालं. पगार तुमच्या हातात नाही पण बाकी पुष्कळ आहे.

आली की वर्ग रिकामा आहे म्हणून तिला पाचवीवर पाठवू नका. तिला हजेरीच्या रजिस्टरवर, शाळेच्या ग्रुपवर आणि पंधरा ऑगस्टच्या फोटोत घ्या, हसू नका, फोटोत नसणं किती लागतं ते बाहेरच्याला कळत नाही. वर्गशिक्षकाला सांगा की हे मूल तुमचंच आहे, मॅडम मदतीला येतात. नाहीतर होतं काय की "तुमचं पोरगं आलंय बघा" असं तिलाच सांगतात, जणू तिने घरून आणलंय. आणि जागा द्या. साहित्य घरून स्कूटीवर आणून परत न्यायचं, मणी, ठोकळे, आरसा, चित्रकार्डं, पावसात भिजून त्याचा लगदा होतो. एका शाळेतल्या सरांनी मला एक जुनं लोखंडी कपाट रिकामं करून दिलं, किल्लीसकट, आणि वर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. खर्च शून्य.

प्रश्न : आम्ही पालक आहोत. दोन वर्षांत तीन मॅडम बदलल्या, मूल मागे जातंय. आम्ही काय करायचं?

राग बरोबर आहे तुमचा. शाळा बदललेलं एखादं मूल सावरतं, पण स्वमग्न मुलासाठी माणूस बदलणं म्हणजे अख्खं घर हलल्यासारखं असतं. आयईपीची प्रत मागून घ्या, ती तुम्हाला मिळायला हवी. आणि एक वही तुमच्याकडे ठेवा, त्यात साधं लिहा : कशाने शांत होतो, कशाने बिथरतो, शू लागली की काय खूण करतो, काय काय जमतं, कुठे अडलंय. जुन्या मॅडम जायच्या आधी त्यांच्याकडून दोन पानं लिहून घ्या, शक्य असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्या बटण कसं शिकवतात, घास कसा भरवतात. नवीन मॅडमना महिना वाचतो.

आणि बरं झालेलं काही दिसलं तर केंद्रप्रमुखांना एक ओळ लिहा. तक्रारी वरपर्यंत जातात, चांगलं कधीच जात नाही.

प्रश्न : अमेरिकेत विशेष शिक्षकांची टंचाई आहे म्हणतात, जाऊ का?

टंचाई खरी आहे. जे-वन या तात्पुरत्या व्हिसावर शिक्षक ३ वर्षांसाठी जातात, पुढे मुदत वाढते पण ५ च्या वर नाही. एजंटची फी नीट वाचा, आणि तिथेही कागदकाम सुटत नाही, उलट आयईपीची मीटिंग वकिलासमोर व्हायची पाळी येऊ शकते. जायचं असेल तर जा, पळून जायचं म्हणून जाऊ नका.

प्रश्न : मी सोडायचा विचार करतेय. सोडू?

तीन प्रश्न स्वतःला विचार. काम नकोय, की ही शाळा नकोय, की हे साहेब नकोयत? पुष्कळ जणी शाळा बदलायच्या ऐवजी पेशाच बदलतात आणि मग कॉल सेंटरमध्ये बसून आपल्याला डब्यातल्या मण्यांचे फोटो पाठवतात. पण घर चालत नसेल, तब्येत ढासळत असेल, तर सोड, आणि अपराधी वाटून घेऊ नकोस. जाताना प्रत्येक मुलावर ती दोन पानं लिही. तेवढंच.

प्रश्न : तुम्ही का नाही सोडलंत?

निघाले होते. २०१९ मध्ये, चार महिन्यांचं मानधन थकलं होतं, राजीनामा हाताने लिहून पर्समध्ये घेऊन फिरत होते. बंड्या वगैरे काही नाही हो कारण, उगाच खोटं कशाला सांगू. शेजारच्या तालुक्यातली ती ब्रेलवाली रोज रात्री फोन करायची आणि आम्ही दोघी मिळून तासभर सगळ्यांना शिव्या घालायचो, त्यात दिवस निघत गेले. आणि मग त्या सरांनी ते कपाट दिलं. साहित्य लावताना पर्समधला कागदही त्यातच ठेवला, की उद्या नेऊन देऊ. अजून तिथेच आहे, खालच्या खणात, मण्यांच्या डब्याखाली.